ट्रकच्या पाठीवरचे घर

अमेरिकेच्या लांबलचक महामार्गांवरून प्रवास करताना अधूनमधून एक आगळे वाहन दृष्टीस पडते. खाली नेहमीचा पिकअप ट्रक असतो. पण त्याच्या हौद्यात एक आटोपशीर खोली बसवलेली असते आणि त्या खोलीचा वरचा भाग चालकाच्या टपावरून पुढे झुकलेला असतो. मागे एक अरुंद दार, बाजूंना खिडक्या, छतावर हवा खेळण्यासाठी झडप. आत शेगडी, पाण्याची टाकी, बसावयाचे बाक, लहानशी शीतपेटी आणि टपावरच्या त्या झुकलेल्या भागात दोघांना पुरेल असा बिछाना. यास तिकडे ‘ट्रक कॅम्पर’ म्हणतात. गाडीमागे ओढत न्यावयाच्या चाकांच्या घराहून हे निराळे. त्याला स्वतःची चाके नसतात. ते ट्रकच्या पाठीवर बसते आणि मुक्कामी पोहोचल्यावर जॅकच्या आधारे उचलून खाली उतरवूनही ठेवता येते.

अशा घराचे आकर्षण आपल्या वाचकांना सहज कळेल. प्रवासात स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असणे, गाळलेले पाणी आपल्याच भांड्यात असणे, सूर्यास्तापूर्वी एखाद्या झाडाखाली थांबून घरचा आमटी-भात करून घेणे, ही सोय काय असते हे परदेशात कंदमूळविरहित जेवण शोधत ज्यांनी मैलोगणती गाडी हाकली आहे त्यांना समजावून सांगावयास नको. नवा कॅम्पर महाग पडतो. तेव्हा कोणाच्या तरी कोठारामागे गवतात उभा असलेला पन्नास-साठ वर्षांचा जुना कॅम्पर थोडक्या पैशांत मिळतो आहे असे दिसले की मन मोहात पडते.

येथपर्यंत सारे सोपे असते. पुढे मात्र वाटा फुटतात. काही कॅम्पर पुन्हा रस्त्यावर येतात आणि आणखी एक पिढी चालतात. काही अर्धवट उघडलेल्या अवस्थेत अंगणात पडून राहतात. काही तर रंगरंगोटी होऊन दिमाखात बाहेर पडतात, पण आतून कुजत राहून आत झोपणाऱ्यांच्या जिवालाच धोका ठरतात. हा फरक पैशांचा आणि कसबाचा असतोच. तथापि त्याहून अधिक तो कामाच्या क्रमाचा असतो. आधी कोरडे, मग सुरक्षित, मग सुंदर, असा तो क्रम आहे. हौशी माणसाचे मन नेमके उलट्या दिशेने धावते; पडदे आणि रंग आधी निवडले जातात, भिंतीतले लाकूड शेवटी आठवते. जीर्णोद्धाराचे यश या ओढीला आवर घालण्यावर अवलंबून आहे.

रस्ते आले, तशी घरे निघाली

१९५६ साली राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने महामार्गांचा संघीय कायदा झाला आणि ४१,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटरच्या आंतरराज्य महामार्गांची योजना हाती घेण्यात आली. त्याच वर्षी तेथील राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याने ‘मिशन ६६’ हा दहा वर्षांचा कार्यक्रम आरंभिला. उद्यानांतील रस्ते आणि मुक्कामाच्या जागा सुधारल्या, आणि मध्यमवर्गीय कुटुंबे सुट्टीत वाहनासह बाहेर पडू लागली. ज्याच्यापाशी कामाचा पिकअप ट्रक होता, अशा शेतकऱ्याला, सुताराला, नळकाम करणाऱ्याला ट्रक कॅम्पर विशेष सोयीचा वाटला. आठवडाभर हौद्यातून माल वाहावा, शनिवारी त्यात घर बसवावे, सोमवारी पुन्हा उतरवून ठेवावे. एकाच वाहनाचे दोन उपयोग होत.

या काळातील बहुसंख्य कॅम्पर लाकडी सांगाड्याचे होते. बारीक पट्ट्यांचा सांगाडा, आतून पातळ प्लायवुड, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मधल्या पोकळीत फायबरग्लासची लोकर, अशी त्यांची रचना असे. काही निर्मात्यांनी वेगळी वाट धरली. मिशिगन राज्यातील एव्हिऑन कंपनीने ॲल्युमिनियमच्या फासळ्यांवर रिव्हेटांनी पत्रा जडवून गोलसर अंगाचे कॅम्पर केले. ‘अलास्कन’ या नावाने १९५८ पासून बनणाऱ्या कॅम्परचे छत द्रवाच्या दाबाने वरखाली होते. त्यामुळे तो रस्त्यावर बुटका असतो आणि मुक्कामी उंच होतो.

या वाहनाला साहित्यातही स्थान मिळाले. १९६० च्या सप्टेंबरात कादंबरीकार जॉन स्टाइनबेक न्यूयॉर्क राज्यातील सॅग हार्बर येथून निघाले ते जीएमसी पिकअपवर बसवलेला कॅम्पर घेऊन. सोबत चार्ली नावाचा पूडल जातीचा कुत्रा होता. डॉन किहोतेच्या घोड्याचे ‘रोसिनान्ते’ हे नाव त्यांनी गाडीला दिले होते. सुमारे १०,००० मैलांच्या या भ्रमंतीवरील ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी स्टाइनबेक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ती गाडी आज कॅलिफोर्नियातील सलिनास येथील राष्ट्रीय स्टाइनबेक केंद्रात पाहावयास मिळते.

त्या केंद्रात तिच्यावर पाऊस पडत नाही, ती खड्ड्यांतून हादरत नाही आणि तिच्यात कोणी शेगडी पेटवीत नाही. संग्रहालयातील वस्तूचे जतन करणे आणि रस्त्यावर धावणाऱ्या वस्तूला पुन्हा उभे करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात मूळ धागादोरा जपणे हा धर्म ठरतो. दुसऱ्यात, आत झोपणाऱ्या माणसाचा जीव जपणे हे प्रथम कर्तव्य ठरते. या लेखाचा विषय दुसरे काम हा आहे.

ओल कोठून शिरते

लाकडी सांगाड्याच्या कॅम्परला वयापेक्षा पाणी अधिक मारते. पत्र्याचे सांधे, खिडक्यांच्या चौकटी आणि छतावरील झडपा यांखाली मूळ कारखान्यात पुट्टीची पट्टी दिलेली असे. काही दशकांत ती वाळते, आक्रसते आणि तिला भेगा पडतात. ट्रक खडबडीत रस्त्यावर चालतो तेव्हा हौदा पिळवटतो, त्याबरोबर कॅम्परचे अंगही पिळवटते आणि प्रत्येक सांधा थोडा थोडा सैल होतो. पोलादी खिळे व पिना ॲल्युमिनियमला टेकलेल्या जागी ओल पोहोचली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि पत्र्याची पांढरी पूड होऊ लागते. पत्र्यावर अशी पांढरी पूड दिसली की तेथून पाणी आत जात असले पाहिजे असे समजावे.

आत गेलेले पाणी लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. भिंतीतील लोकर ते स्पंजाप्रमाणे शोषून धरते. मग ते सावकाश खाली झिरपते आणि तळाच्या आडव्या पट्टीत साचते. आतल्या प्लायवुडवर काळसर डाग उमटेपर्यंत तळपट्टी भुसभुशीत झालेली असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातील पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. म्हणून गळती थांबवून लाकूड वाळवले की कूज थांबते, आणि गळती राहिली तर वरून कितीही औषध चोपडले तरी ती थांबत नाही.

तीन जागा विशेष नाजूक असतात. पहिली, टपावर पुढे झुकलेला भाग. धावत्या गाडीत समोरचा पाऊस तेथे वेगाने आपटतो आणि तेथील खिडकीच्या चौकटीतून आत घुसतो. बिछाना याच भागात असल्याने खालचे प्लायवुड गादीखाली झाकलेले राहते, कोणी पाहत नाही. दुसरी जागा, हौद्याच्या कडांवरून बाहेर आलेले बाजूचे पंख. तिसरी, मागच्या दाराचा उंबरठा. यांपैकी दुसऱ्या जागेकडे डोळेझाक करणे सर्वांत महागात पडते. कारण ज्या जॅकवर सगळा कॅम्पर उचलावयाचा, त्यांचे कोन पुष्कळदा याच भागातील लाकडात स्क्रूने बसवलेले असतात. लाकूड कुजलेले असेल तर वर उचललेल्या कॅम्परचा जॅक उपटून येऊ शकतो, आणि त्या वेळी खाली कोणी उभे असेल तर पुढे काय होईल ते सांगण्याची गरज नाही.

घेण्यापूर्वी पाहावे

जुना कॅम्पर पाहावयास जाताना एक टोच्या, एक विजेरी आणि लाकडातील ओल मोजणारे छोटे उपकरण बरोबर न्यावे. दार उघडताच आधी वास घ्यावा. कोंदट, मातकट वास हा ओलीचा पहिला साक्षीदार असतो. गादी उचलून खालची फळी दाबून पाहावी. कपाटांच्या आतले कोपरे, बाकाखालची जमीन, खिडकीखालची भिंत येथे टोच्या टेकवावा. तो सहज आत गेला तर लाकूड संपले आहे असे समजावे. शक्य असल्यास पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहणी करावी.

ताज्या रंगाला भुलू नये. भिंतीचा एकच तुकडा नवा असेल, अथवा बाहेरच्या सांध्यांवर सिलिकॉनचे जाड लपके दिसत असतील, तर पूर्वीच्या मालकाने गळती वरून झाकली आहे अशी शंका घ्यावी. सिलिकॉनचे विशेष वैगुण्य असे की एकदा ते लागले की त्याच्यावर दुसरे कोणतेही लुकण धरत नाही. ते खरवडून पूर्ण काढल्यावाचून पुढचे काम होत नाही.

आणखी एक हिशेब याच वेळी करावा. आपला ट्रक किती भार पेलतो? अमेरिकेतील ट्रकच्या दाराच्या चौकटीवर वाहनाचे कमाल भारित वजन लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या ट्रकचे, माणसांचे, इंधनाचे वजन वजा केले म्हणजे पाठीवर घेता येईल असा भार निघतो. जुने कॅम्पर साधारणतः अर्ध्या टनापासून एक टनापर्यंत भरतात, क्वचित त्याहून अधिक. त्यात १०० लिटर पाणी भरले तर आणखी १०० किलो. शिवाय भांडी, अंथरुणे, वायूची टाकी, बॅटरी. पुढच्या काळात निर्मात्यांना कॅम्परवर वजन आणि गुरुत्वमध्य दर्शविणारी पट्टी लावणे तेथील नियमांनी भाग पडले. त्याआधीच्या कॅम्परवर ती सापडत नाही, किंवा असलीच तरी कित्येक दुरुस्त्यांनंतर तिचा आकडा खरा राहत नाही. म्हणून अंदाज न बांधता मालट्रकांच्या वजनकाट्यावर गाडी उभी करून पुढच्या व मागच्या ॲक्सलवरील भार वेगवेगळा मोजून घ्यावा.

भिंत उघडणे

हे कॅम्पर कारखान्यात आतून बाहेर असे बांधले जात. आधी जमीन, मग आतली भिंत आणि कपाटे, मग सांगाडा व लोकर, आणि सर्वांत शेवटी बाहेरचा पत्रा. त्यामुळे दुरुस्तीची योग्य दिशा बाहेरून आत अशी आहे. कोपऱ्यांवरच्या पट्ट्या काढाव्या, पत्रा उतरवावा, ओली लोकर बाहेर टाकावी. मग सांगाडा उघडा पडतो. आतली कपाटे फोडून भिंतीपर्यंत जाण्याचा खटाटोप केला तर जी गोष्ट शाबूत होती तीही हातची जाते.

काढण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे घ्यावी, मापे वहीत लिहावी आणि प्रत्येक पट्टीला क्रमांक द्यावा. कुजलेला तुकडाही फेकू नये. त्याची कडा मोडली असली तरी तोच नव्या तुकड्याचा नमुना असतो. टपाकडे जाणारी वक्र पट्टी तर त्यावाचून कापताच येत नाही. एका वेळी एकच भिंत उघडावी आणि बाकीच्या भिंतींना आडवेतिडवे टेकू द्यावे. चारही बाजू एकदम उघडल्या तर सांगाडा वाकडा होतो, आणि मग जुना पत्रा जुन्या भोकांवर बसत नाही.

नवे लाकूड सरळ धाग्याचे, भट्टीत वाळवलेले आणि मूळच्याच मापाचे घ्यावे. मजबुतीच्या लोभाने जाड वासे घालण्याची इच्छा होते. पण प्रत्येक किलो ट्रकच्या पाट्यांवर आणि टायरांवर पडतो, हे विसरू नये. जोड पाण्यात टिकणाऱ्या सरसाने आणि स्क्रूने करावा. सरस लावताना तो वनस्पतिजन्य वा कृत्रिम आहे याची खात्री करून घेणे आजकाल अवघड नाही. पातळ इपॉक्सी मुरवून लाकूड घट्ट करण्याची रीत किरकोळ जागी ठीक आहे. जॅकचे कोन, दाराची चौकट आणि तळपट्टी या भार घेणाऱ्या जागी मात्र कुजका भाग कापून नवाच बसवला पाहिजे.

या टप्प्यावर आरोग्याची काळजी अत्यावश्यक आहे. जुन्या भिंतींत उंदरांची बिळे हमखास सापडतात आणि त्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीतून हंटा विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. ती घाण कोरडी झाडू नये. जंतुनाशक द्रावणाने भिजवून, हातमोजे व योग्य मुखपट्टी वापरून पुसून घ्यावी. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली बंदी आली. त्यापूर्वीचा रंग घासण्याआधी त्यात शिसे आहे का याची तपासणी करावी आणि लहान मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावे. राहता राहिले खुद्द उंदीर. त्यांना विष घालण्याची प्रथा सर्रास आहे. पण हिंसेचा दोष बाजूला ठेवला तरी विषाने मेलेला उंदीर भिंतीच्या पोकळीतच कुजतो. पाइप व तारा जेथून आत येतात ती भोके बारीक जाळीने व पोलादी लोकरीने बुजवावी, आत अन्नाचा कण राहू देऊ नये, आणि एखादा आत शिरलाच तर जिवंत पकडणाऱ्या पिंजऱ्यात धरून दूर सोडावा. हा उपाय अधिक टिकाऊही ठरतो.

सांधे मिटवणे

सांगाडा दुरुस्त झाला, नवी लोकर भरली, पत्रा परत बसला, की सर्वांत महत्त्वाचे काम सुरू होते. खिडक्या, झडपा, कोपरपट्ट्या या प्रत्येकाखालचे जुने लुकण खरवडून, धातू स्वच्छ पुसून, ब्यूटाइलची चिकट पट्टी नव्याने द्यावी. ब्यूटाइल कधी कडक होत नाही. कॅम्पर पिळवटला तरी ते त्याबरोबर ताणले जाते. स्क्रू एकदम आवळू नयेत. बेताने घट्ट करावे, दोनतीन दिवसांनी पुन्हा आवळावे. प्रत्येक वेळी कडेने थोडे ब्यूटाइल बाहेर येते, ते शेवटी लाकडी पट्टीने कापून घ्यावे. जेथे काहीच बाहेर येत नाही तेथे पट्टी अपुरी पडली आहे. छतावरील सांध्यांवर त्यासाठीच बनवलेले, आपोआप पसरणारे छताचे लुकण वरून द्यावे.

आतली भिंत अथवा कपाट कायमचे बंद करण्याआधी पाण्याची परीक्षा घ्यावी. रबरी नळीने खालून वर, एकेक सांधा सावकाश भिजवावा आणि आत एका माणसाने विजेरी घेऊन पाहावे. वरून एकदम पाणी सोडले तर कोठे गळते ते कळत नाही. खालून चढत गेल्यास ज्या पट्टीवर पाणी आत दिसेल तीच दोषी, हे निश्चित होते. या परीक्षेसाठी खर्च केलेली दुपार पुढची कित्येक वर्षे वाचवते.

वायू, वीज आणि तोल

कोरडेपणानंतर सुरक्षितता येते, आणि येथे काटकसरीला जागा नाही. जुन्या कॅम्परची शेगडी, शीतपेटी व दिवा प्रोपेन वायूवर चालत. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून वायूची गळती सांगणारे यंत्र जमिनीजवळ लावतात. रेग्युलेटर आणि रबरी नळी वयानुसार बदलावीच. तांब्याच्या नळ्यांची दाबपरीक्षा जाणकाराकडून करून घ्यावी. अपुऱ्या हवेत ज्योत जळली की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही. तेव्हा शेगडी ऊब मिळवण्यासाठी कधीही पेटती ठेवू नये, स्वयंपाक करताना झडप उघडी असावी, आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा बिछान्याजवळ असावी. या घंटेलाही आयुष्यमर्यादा असते. ती तिच्यावर छापलेली असते, ती पाहावी.

वायूवर चालणारी शीतपेटी ही एक नवलाची वस्तू आहे. बाल्टझार फॉन प्लॅटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली तिची कल्पना सिद्ध केली. तिच्यात एकही फिरणारा भाग नाही. उष्णतेने अमोनिया द्रावणातून सुटतो, थंड होतो, वाफ होताना आतली उष्णता घेतो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. द्रव केवळ उताराने वाहत असल्याने ती समतल नसेल तर चक्र अडखळते आणि कालांतराने नळी आतून तुंबते. तिच्या मागे पिवळा डाग वा उग्र वास आढळला तर ती फुटली आहे. तिचा मोह सोडावा.

विजेच्या बाबतीत एक धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या कॅम्परमधील १२० व्होल्टची वायरिंग कित्येकदा भूतारेवाचून, म्हणजे अर्थिंग नसलेली असे. एखादी तार घासून पत्र्याला लागली तर सारे ॲल्युमिनियमचे अंगच विजेने भारित होते, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभे राहून दाराला हात लावणाऱ्या मुलाच्या शरीरातून वीज जमिनीत उतरते. ही वायरिंग दुरुस्त करीत बसू नये; तीन तारांची, भूतारेसह, नव्या फ्यूजांसह पूर्ण नवी घालावी आणि परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी.

आता तोल. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे पडला पाहिजे. तो मागे गेला तर ट्रकचे पुढचे टोक हलके होते, सुकाणू हाताला लागत नाही आणि ब्रेकही नीट पकडत नाहीत. म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी अशा जड वस्तू पुढच्या बाजूस आणि खाली असाव्या. हौद्यात रबरी चटई अंथरली की कॅम्पर सरकत नाही. चारही कोपऱ्यांचे ताणकडे घट्ट करून पहिल्या काही मैलांनंतर थांबून पुन्हा तपासावे. टायरांच्या कडेवर छापलेल्या संकेतांकाचे शेवटचे चार अंक ते कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनले ते सांगतात. उदाहरणार्थ, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारे झालेले रबर भाराखाली फुटते.

सौंदर्याची पाळी

इतके झाल्यावर पडदे, गाद्या आणि रंग यांचा विचार करण्यास हरकत नाही, आणि आता तो आनंदाने करता येतो. आतल्या बर्च प्लायवुडला जुनी सोनेरी-पिंगट छटा यावी म्हणून पुष्कळ हौशी मंडळी शेलॅक, म्हणजेच लाखेचे रोगण वापरतात. येथे आपल्या वाचकांनी थांबून विचार करावा. लाख हा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या एका कीटकाचा स्राव आहे. जगात ती प्रामुख्याने भारतात, विशेषतः झारखंडच्या जंगलपट्ट्यात होते, आणि ती गोळा करताना असंख्य जीवांचा नाश होतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे ती उगीच नव्हे. मिशिगनमध्ये उभ्या असलेल्या एका जुन्या गाडीच्या भिंतीपर्यंत आपल्या रानातील हा पदार्थ पोहोचतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचे रोगण थोडी रंगछटा मिसळून दिले तर जवळजवळ तोच रंग मिळतो. मूळ तुकड्याच्या मागच्या बाजूवर आधी नमुना करून पाहावा, म्हणजे झाले.

दरवर्षीची शाकारणी

आपल्याकडे कौलारू घरांची मृगाआधी शाकारणी होत असे. फुटके कौल बदलावे, सरकलेले नीट बसवावे, पन्हळीतला पाला काढावा. मग पाऊस कितीही कोसळो. घर दीडशे वर्षे टिकले तर ते पहिल्या गवंड्याइतकेच या दरवर्षीच्या हातांमुळे टिकले. कॅम्परचेही तसेच आहे. वसंतात एकदा व हिवाळ्यापूर्वी एकदा शिडी लावून छत धुवावे आणि प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवावे. बारीक भेग दिसताच त्याच दिवशी भरावी. ओल मोजणारे उपकरण नेहमीच्या दहाबारा जागी टेकवून आकडा लिहून ठेवावा. गेल्या खेपेपेक्षा तो चढला असेल तर डाग उमटण्यापूर्वीच गळती हाती लागते.

कडक थंडीच्या प्रदेशात नळ्यांतील पाणी गोठून नळ्या फुटतात, म्हणून टाकी व नळ्या रिकाम्या करून पिण्याच्या नळांसाठी चालणारे बिनविषारी गोठणरोधक द्रावण घालावे. बॅटरी काढून भारित ठेवावी. कॅम्परवर प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नये. तिच्याखाली वाफ कोंडते आणि वाऱ्याने ती पत्रा घासते. मोकळी पडवी उत्तम. ती नसेल तर हवा जाऊ देणारे आच्छादन घालावे. कॅम्पर किंचित उतारावर ठेवावा म्हणजे छतावर पाणी साचत नाही. कपाटांची दारे व शीतपेटीचे दार उघडे ठेवावे.

हे काम सर्वांनी करावे असे मात्र नाही. सांगाडा तळापासून टपापर्यंत गेला असेल, ट्रक भार पेलणारा नसेल, किंवा घरात पुढची दोन वर्षे शनिवार-रविवार मोकळे नसतील, तर कॅम्पर न घेणे हेच शहाणपण. चांगल्या स्थितीतील खिडक्या, शेगडी, दिवे एखाद्या दुसऱ्या कॅम्परच्या उपयोगी पडतात. तेही एक प्रकारचे पुनरुज्जीवनच आहे. ज्यांनी मात्र हात घातला, त्यांनी एक वही कॅम्परमध्येच ठेवावी. कोणती पट्टी कोणत्या तारखेस बदलली, कोणत्या सांध्यावर कोणते लुकण दिले, वजनकाट्यावर किती भरले, रेग्युलेटर कधीचा आहे, घंटेची मुदत कधी संपते, हे सारे तिच्यात असावे. व्यापारी घराण्यांत वही कशी लिहावी हे वेगळे शिकवावे लागत नाही. कॅम्पर पुढच्या मालकाकडे जाईल तेव्हा किल्लीबरोबर ती वहीही द्यावी. तिच्या आधारे तो पहिल्याच दिवशी योग्य जागी टोच्या टेकवील.